दारापर्यंतची तार

मार्च 1870 मध्ये लॉर्ड मेयो खामगावला आला. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने वऱ्हाडातल्या एका बाजारगावी यावे असे तिथे काय होते, तर कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला आणि मँचेस्टरचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. युद्ध संपले तरी ते तिथेच राहिले. मेयोच्या हस्ते खामगावात नवा कापूस बाजार सुरू झाला, आणि मुख्य मार्गावरच्या जलंबहून खामगावला येणारा सुमारे 13 किलोमीटरचा रेल्वेफाटाही. रेल्वेबरोबर तार होतीच. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी नोव्हेंबरात खुला झाला होता आणि सुएझ, एडन, मुंबई अशी समुद्राखालची तार त्याच 1870 साली पुरी झाली. लिव्हरपूलहून तारेने मागणी आली तर साधारण दीड महिन्यात खामगावच्या गाठी तिथल्या धक्क्यावर उतरतील, असा हिशेब तेव्हा मांडला जात होता. बुलढाणा जिल्ह्याच्या मागासलेपणावर भाषणे करणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. या जिल्ह्यात तार उशिरा आली असे म्हणायला जागाच नाही. ती गावात आली, बाजारात आली, कचेरीच्या दारापर्यंत आली. मात्र दारातून आत शिरल्यावर तिने कुठून जायचे हे ठरवणे इमारत बांधणाऱ्याचे काम आहे, ही समजूत इथे दीडशे वर्षांत रुजली नाही. कुठल्याही सरकारी कचेरीत दाराच्या चौकटीवरून, खिडकीच्या गजातून, पंख्याच्या हुकाला वळसा घालून गेलेल्या निळ्या-करड्या केबल दिसल्या की आपण कंत्राटदाराच्या आळसाला बोल लावतो. आळस असेलही, पण मूळ दोष मला मालकीच्या इतिहासात दिसतो.

जिल्ह्याच्या घाटाखालच्या, सखल भागाची गोष्ट आधी पाहू, कारण तिथे नेमके उलटे घडले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला फाटा मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पूर्णेच्या खोऱ्यातून जात 1867 साली नागपूरला पोचला. रुळांच्या कडेने तारेचे खांब उभे राहिले. या खांबांवर आडवे दांडे असत आणि दांड्यांवर चिनी मातीच्या चिमण्या, म्हणजे तार बांधायचे रोधक. आज दोन तारा आहेत, उद्या चार लागतील, तर नवा खांब पुरायची गरज नाही, दांड्यावर आणखी चिमण्या बसवायच्या. पुढे याच वाटेने स्टेशनमास्तरांच्या ब्लॉक यंत्रांच्या तारा गेल्या, मग कंट्रोलचा टेलिफोन गेला. खांब गेले आणि जमिनीखाली केबल आली. 2000 साली रेलटेल ही रेल्वेची कंपनी स्थापन झाली, तिची ऑप्टिकल फायबरही रुळांच्या कडेनेच धावते. ज्याने 1860 च्या दशकात ही जमीन संपादन केली त्याला काचेच्या धाग्यातून प्रकाश पाठवता येईल याची कल्पना नव्हती. ती असण्याची गरजही नव्हती. त्याने वाट राखली, वाटेचा मालक एकच राहिला, आणि तिच्यावरून काय न्यायचे ते प्रत्येक पिढीने आपापले ठरवले. लवचीक आखणी म्हणतात ती हीच. पुढे काय येणार हे अचूक सांगणे तिचे काम नाही. जे येईल त्याला भिंत न फोडता जागा मिळावी, एवढेच ती बघते. घाटावर बुलढाणा या मुख्यालयाला आजही रेल्वे नाही, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी किती जुनी आहे हे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. तेव्हा रेल्वेने घालून दिलेला हा धडा घाटावरच्या कचेऱ्यांच्या डोळ्यांसमोर कधी आलाच नाही, असे कुणी म्हटले तर ते अगदीच वावगे नाही. पण घाटाखालच्या मलकापूर-खामगावच्या कचेऱ्यांनी तरी तो कुठे गिरवला?

गिरवला नाही, कारण त्यांना तशी मुभाच नव्हती. 1885 च्या इंडियन टेलिग्राफ ॲक्टने तार उभारण्याचा, राखण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. पुढे टेलिफोनही त्याच कायद्याच्या छत्राखाली आला. एक्स्चेंजपासून खांबापर्यंत, खांबावरच्या डीपीपासून भिंतीवरच्या रोझेटपर्यंत आणि तिथून टेबलावरच्या काळ्या यंत्रापर्यंत सगळे खात्याचे. ग्राहकाने फक्त भाडे भरायचे. टेबल या भिंतीकडून त्या भिंतीकडे न्यायचे तर खात्याला अर्ज, मग लाइनमनची वाट पाहणे. अशा व्यवस्थेत इमारतीचा आराखडा काढणाऱ्याने टेलिफोनच्या तारेसाठी भिंतीत नळी कशाला सोडावी? तार त्याची नव्हती आणि ती कुठून जाणार हेही त्याच्या हाती नव्हते. गंमत अशी की याच खात्याच्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे खामगाव-मलकापूरच्या एक्स्चेंजमध्येसुद्धा, लवचीक मांडणीचा उत्तम नमुना उभा असे. त्याला एमडीएफ म्हणत. लोखंडी चौकटीच्या एका बाजूला गावातून आलेल्या सगळ्या जोड्या कायमच्या बांधलेल्या, दुसऱ्या बाजूला यंत्रातले नंबर, आणि मधे हाताने बदलता येणारे जंपर. दुकान बदलले, नंबर बदलला, ग्राहक गेला, तरी बाहेरच्या केबलला कुणी हात लावत नसे, जंपर तेवढा काढून दुसरीकडे लावायचा. स्थिर भाग आणि बदलता भाग वेगळे ठेवण्याची ही युक्ती आजच्या प्रत्येक पॅच पॅनेलच्या मुळाशी आहे. ती जिल्ह्यात कित्येक दशके वापरात होती, फक्त एक्स्चेंजच्या कुलूपबंद खोलीत. बाहेरच्या कचेरीला ती शिकवायची कुणाला गरज वाटली नाही.

अमेरिकेतही फार काळ असेच चालले होते. तिथेही टेलिफोन कंपनी इमारतीच्या आतली तार आपलीच मानत असे. शिवाय संगणक आले तेव्हा प्रत्येक कंपनीने आपली वेगळी तार आणली. आयबीएमच्या टर्मिनलला एक प्रकारची, वँगच्या यंत्राला दुहेरी कोॲक्सिअल, टेलिफोनला तिसरी. यंत्र बदलले की तार बदलायची आणि जुनी छतावरच सोडून द्यायची. 1 जानेवारी 1984 रोजी एटी अँड टी या अवाढव्य कंपनीचे विभाजन झाले. आतल्या तारेची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्या सुमारास इमारतमालकाच्या पुढ्यात येऊन पडला. त्याच वर्षी आयबीएमने आपली स्वतःची केबलिंग पद्धत जाहीर केली, इतरांनीही आपापल्या आणल्या. मालक वैतागले. दर विक्रेत्यागणिक भिंत कोण फोडणार? त्या वैतागातून जुलै 1991 मध्ये टीआयए-568 हे मानक निघाले. त्याची कल्पना साधी होती. इमारतीला एकाच प्रकारची तार घालायची, ती कुठल्याही कंपनीच्या यंत्राला चालली पाहिजे, आणि कोण कुठे बसणार हे ठरण्याआधीच ती सगळीकडे पोचलेली असली पाहिजे. तंत्रज्ञान काही एका रात्रीत बदलले नव्हते. आज वापरतात त्या पिळाच्या केबलमधल्या, एकमेकींना पिळलेल्या तारांच्या जोडीचे पेटंट तर अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने 1881 सालीच घेतले होते. बदलला तो मालक. आतल्या तारेला इमारतीत धनी मिळाला, आणि धनी मिळाल्यावर शिस्त आली. मानकाचा हा इतिहास तांत्रिक पुस्तकांतून वेगाच्या आकड्यांनी सांगतात. मला त्यातली मालकीची बाजू जास्त महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे नेमकी तीच घडायची राहिली.

बुलढाण्याच्या कचेऱ्यांत संगणकाची तार शिरली ती 1980 च्या दशकाच्या अखेरीस, आणि तीही भिंतीतून नव्हे, आकाशातून. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, देशभरच्या जिल्हा मुख्यालयांना उपग्रहाच्या छोट्या स्थानकांनी जोडले, ते निकनेट. कलेक्टर कचेऱ्यांच्या आवारात तबकड्या बसल्या, आत एक वातानुकूलित खोली, दाराबाहेर चपला. दिल्लीशी क्षणात संपर्क, आणि शेजारच्या महसूल शाखेला कागद न्यायचा तर शिपाई. या विसंगतीला कुणी हसत नसे, कारण त्या खोलीचे काम दिल्लीला आकडे पाठवणे हेच होते. नंतर खोलीतल्या दोन-चार संगणकांना जोडायला पातळ कोॲक्सिअल केबल आली. एका यंत्रातून दुसऱ्यात अशी सलग जाणारी ती माळ आणि टोकाला टर्मिनेटर. कुणाचा पाय लागून मधला एक बीएनसी जोड सुटला की सगळेच बंद. हब आणि पिळाच्या केबलने ही कटकट संपवली. यंत्रागणिक स्वतंत्र तार मधल्या हबपर्यंत आली. पण ती आली योजनेच्या पावलाने. सेतू आला, त्याने आपली तार ओढली. दुय्यम निबंधकांची नोंदणी संगणकावर गेली, तिची वेगळी. राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेला केंद्राने 2005 साली मान्यता दिली आणि पुढे ‘स्वान’चा रॅक तहसिलीत येऊन बसला. कोषागाराची तार निराळी, भूमी अभिलेखची निराळी, कॅमेऱ्यांची त्याहून निराळी, बोटाच्या ठशाने हजेरी घेणाऱ्या यंत्राची आणखी एक. तालुक्याच्या प्रशासकीय इमारतीत ही सगळी खाती एका छताखाली नांदतात, आणि प्रत्येकाची केबल दुसऱ्याच्या केबलला समांतर त्याच दारातून जाते. अमेरिकेत आयबीएम आणि वँग होते, इथे महसूल आणि मुद्रांक आहेत. घोटाळा मात्र एकच. बांधकाम करतो सार्वजनिक बांधकाम विभाग, दिवे-पंख्यांची वायरिंग करते त्याच विभागाची विद्युत शाखा, आणि नेटवर्क येते दोन वर्षांनी, भलत्याच खात्याच्या निधीतून, मुंबई-पुण्यात काढलेल्या निविदेने. इमारतीचा मालक ठरलेला असतो, यंत्राचाही ठरलेला असतो. मधल्या 90 मीटरना मालक नाही.

90 मीटर हा आकडा मानकातलाच आहे. मजल्यावरच्या रॅकपासून भिंतीतल्या आय.ओ.पर्यंत, म्हणजे यंत्र जोडायच्या खोबणीपर्यंत, कायमची केबल जास्तीत जास्त 90 मीटर, आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून 10. कायमच्या भागाला हात लावायचा नाही. बदल करायचे ते पॅच कॉर्डनी, रॅकपाशी उभे राहून. दर मजल्याला एक खोली, साधारण 1000 चौरस मीटरहून मोठ्या मजल्याला आणखी एक, दर 10 चौरस मीटरला एक कामाची जागा धरायची आणि प्रत्येक जागेला निदान दोन आय.ओ. द्यायचे, मग तिथे आज कपाट का असेना. 1996 साली खुल्या दालनांसाठी पुरवणी नियम आले, ज्यांत रॅकपासून निघालेली केबल दालनाच्या मधल्या एका ठिकाणी थांबवून पुढचा तुकडा फर्निचरबरोबर बदलता येतो. हे सगळे परदेशी, इथल्या धुळीत आणि उन्हात काय टिकणार, असा एक शेरा हमखास ऐकू येतो. उन्हाचा मुद्दा खोटा नाही, पण त्याचे उत्तर मानकातच आहे. तांब्याची तार तापली की संकेत अधिक क्षीण होतो, म्हणून 20 अंश सेल्सिअसच्या वर लांबी कमी धरायची. 40 अंशांना 90 चे 84 मीटर होतात, 45 ला सुमारे 82, आणि 60 ला, म्हणजे मे महिन्यात पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर जे तापमान चढू शकते त्याला, 75. शेगाव-मलकापूरच्या इमारतीला आणि घाटावरच्या बुलढाण्याच्या इमारतीला म्हणूनच वेगळा हिशेब लागेल. तो कुणीतरी कागदावर करायला हवा, आणि घाईने पट्टी ठोकणाऱ्याकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. परदेशी कल्पना इथल्या हवेला जुळवून घेता येत नाही हेही खरे नाही. सी-डॉटने 1980 च्या दशकात 128 लाइनचे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले ते वातानुकूलनाशिवाय चालावे म्हणूनच, आणि खेड्यापाड्यांतले फोन त्याच्या जोरावर वाजले.

आता वायफायचा आक्षेप. तार कशाला हवी, सगळे हवेतून जाते की! हा आक्षेप मोबाइल हातात धरूनच घेतला जातो, त्यामुळे तो पटतोही पटकन. पण वायफायचे यंत्र छतावर बसते तेव्हा त्याला एक केबल लागतेच, आणि 2003 च्या पीओई मानकापासून वीजही त्याच केबलमधून देता येते. वायफायचा वेग इतका वाढत गेला की 2016 साली जुन्या कॅट फाइव्ह-ई केबलवरून अडीच आणि पाच गिगाबिट नेण्याचे खास मानक काढावे लागले. म्हणजे बिनतारीने तारेवरचा भार वाढवला. दगडी जाड भिंतींच्या जुन्या कचेरीत तर दर खोलीगणिक एक यंत्र लागते, तेव्हा दर खोलीगणिक एक केबल आलीच. दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: उद्या फायबर थेट टेबलापर्यंत येईल, आज तांबे घालून पैसे का घालवायचे? येईलही. भारतनेटच्या कल्पनेला 2011 साली मंजुरी मिळाली तेव्हा अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची गोष्ट अनेकांना अतिशयोक्ती वाटली होती. पण तांबे असो वा काच, दोन्हींना नळी लागते, खोली लागते, मजल्यातून आरपार जाणारी मोकळी वाट लागते. शिवाय नीट घातलेले तांबे लोकांना वाटते त्यापेक्षा फार चिवट निघाले. 1990 च्या दशकाच्या मध्यावर 100 मेगाबिटसाठी घातलेल्या कॅट फाइव्ह केबलवर 1999 सालचे गिगाबिट चालेल अशीच त्या मानकाची रचना केली गेली. केबल चांगली असून वाया गेली ती फक्त जिथे तिची टोके कुणाला सापडली नाहीत तिथे.

तालुक्याच्या कचेरीत माणसे ती किती, त्यांना एवढा थाट हवा कशाला, हा तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर कचेरीच्या वेळापत्रकात सापडते. निवडणूक लागली की कलेक्टर कचेरीतले एखादे सभागृह नियंत्रण कक्ष होते, 2020 साली तेच कोरोनाच्या कामाला लागले, अतिवृष्टी झाली की पंचनाम्यांच्या नोंदींसाठी दहा टेबले एका खोलीत मांडावी लागतात. जिल्ह्याच्या कचेरीइतक्या वेगाने एकाच खोलीचे काम बदलणारी दुसरी जागा शोधून सापडणार नाही. खासगी कंपनीत माणसाची जागा बदलते, इथे खोलीचा धर्मच बदलतो. आणि बदल दर वेळी तातडीचा असतो, म्हणून दर वेळी जमिनीवरून केबल टाकून वर चिकटपट्टी मारली जाते. काम संपते, केबल राहते. अशा मेलेल्या केबलचा ढीग आगीला इंधन पुरवतो हे ओळखून अमेरिकेच्या विद्युत संहितेने 2002 साली त्या काढून टाकणे बंधनकारक केले. आपल्याकडे 21 जून 2012 रोजी मंत्रालय पेटले, त्यानंतर कागद संगणकावर आणण्याची राज्यभर घाई झाली. पण कागद ज्या वाटेने जाणार त्या वाटेची चर्चा त्या घाईत फारशी झाली नाही. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. गावच्या शेतकऱ्याचा हक्काचा कागद आता संगणकाच्या जाळ्यातून येतो. तेव्हा ‘सर्व्हर डाउन आहे’ या वाक्याआड लपणारे बिघाड कधी मुंबईत असतात, कधी पुण्यात, आणि कधी दाराच्या फटीत चेंगरलेल्या त्या दोन मीटर केबलमध्ये. खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कळत नाही, आणि त्याला तो कळावा अशी अपेक्षाही नाही. खिडकीच्या आतल्या माणसाला तो कळायला हवा.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो मला खरोखर वजनदार वाटतो. प्रत्येक खात्याची वेगळी तार हा पसारा असला तरी त्यात जबाबदारी स्पष्ट असते. नोंदणीची तार तुटली तर नोंदणीचे खाते धावते. सगळ्यांची मिळून एकच मांडणी केली, एकच रॅक ठेवला, तर बिघाडाच्या दिवशी सगळी खाती एकमेकांकडे बोट दाखवतील. सामाईक विहिरीचा गाळ कोण उपसणार, हा अनुभव गावोगाव आहेच. यावर नुसते मानक दाखवून भागत नाही. 1993 साली टीआयए-606 हे नोंदींचे मानक निघाले, ते नेमके या दुखण्यावर होते: दर केबलला दोन्ही टोकांना क्रमांक, दर पोर्टला क्रमांक, आणि सगळ्यांची एक नोंदवही. गटनंबर, पोटहिस्सा, फेरफार यांची नोंद ठेवण्यात ज्या खात्याचा हात धरणारा कुणी नाही, त्याच्याच इमारतीतल्या पोर्टांचा सातबारा कुठे नसावा, हे मला विचित्र वाटते. कुठल्या पोर्टवर आज कुणाचा कब्जा, तो कधी बदलला, कुणाच्या सहीने बदलला, एवढी वही कारकुनी शिस्तीला मुळीच जड नाही. रॅकच्या खोलीची किल्ली आणि ही वही एकाच माणसाकडे हवी, आणि तो माणूस कुठल्या योजनेचा नव्हे, इमारतीचा हवा. विद्युत शाखेच्या उपविभागाकडे दिवे-पंख्यांची देखभाल आहेच, तिच्यात ही भर घालता येईल. आक्षेप घेणाऱ्याचे एवढे मात्र मान्य केलेच पाहिजे की असा माणूस नेमला जाणार नसेल, तर सामाईक मांडणी करूच नये. धन्याविना सामाईक रॅक हा आजच्या पसाऱ्याहून वाईट, कारण पसाऱ्यात निदान एका वेळी एकच खाते बंद पडते.

पैशाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो दिसतो तेवढा मोठा नाही. भिंत उभी राहताना नळी सोडायला जो खर्च येतो तो बांधकामाच्या अंदाजपत्रकात जाणवतही नाही. तीच भिंत रंगवून झाल्यावर फोडायची तर खर्च, धूळ आणि कचेरी बंद राहण्याचे दिवस असे तिन्ही पडतात. जुन्या दगडी इमारतींना छिन्नी लावू नये हे बरोबर, तिथे छताच्या कडेने जाळीचा ट्रे किंवा नीट केसिंग-कॅपिंग पुरते, फक्त ते एकदाच, सगळ्यांसाठी मिळून आणि पुढच्या केबलना जागा ठेवून करायचे. कायद्याची अडचण तर उरलेलीच नाही. 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत माहिती-दळणवळणाच्या सोयींना स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे, 1885 च्या टेलिग्राफ ॲक्टची जागा 2023 च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे, आणि 2024 साली ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार दर्जा देण्याचे नियम काढले आहेत. खामगावला तार आली तेव्हा कचेरीच्या आतली वाट आखायचा अधिकार कचेरीला नव्हता, आज तो आहे. तेव्हा जिल्ह्यात यापुढे कुठल्याही तालुक्याच्या प्रशासकीय इमारतीचा नकाशा मंजुरीला येईल, त्या दिवशी टेबलाशी बसलेल्यांनी त्यावर दोन गोष्टी शोधाव्यात: प्रत्येक मजल्यावर कुलूप लागेल अशी एक छोटी खोली, आणि तळापासून गच्चीपर्यंत जाणारी एक मोकळी नळी. त्या दोन नसतील तर नकाशा परत पाठवावा.